सनईखालचं वाक्य

१९९९ साली टीव्हीवर शेतीच्या कार्यक्रमात जीवरामभाऊंची केळीबाग दाखवली. त्यांच्या सासरवाडीला, पिंपळनेरला, नेमकी तेव्हाच लाईट गेली होती. म्हणून रेकॉर्ड केलेली कॅसेट घेऊन ते तिकडे पाठवायची सीडी करायला जळगावला आले.

दुकानदार हिलालने कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली, जाहिराती कापल्या. शेवटी बागेत उभ्या पुष्पाबाई दिसल्या. काही अडचण आहे का, या प्रश्नावर जीवरामभाऊंची ही बायको म्हणाली होती, “तीन वर्षं झाली, मला माहेरी जाऊ देत नाहीत.”

“हिचा आवाज काढ,” जीवरामभाऊ म्हणाले. “तोंड राहू दे, नाहीतर सासरवाडीचे विचारतील, पोर कुठे गेली.”

हिलालने तेवढ्या भागावर सनई लावली.

पिंपळनेरला सगळं घर सीडी बघायला बसलं. केळीचे घड बघून आई म्हणाली, “पोरगी सुखी शे.” धाकटी बहीण बेबाबाई जन्मापासून बहिरी. पुष्पाचं बोलणं तिला लहानपणापासून ओठांवरूनच कळायचं.



शेवटी सनई वाजू लागली आणि पडद्यावर पुष्पाचे ओठ हलले. बेबाबाई उठली आणि तिने भावाच्या हातात मोटरसायकलची किल्ली ठेवली.