मागचा दिवा

‘लागला हो, जास्वंदीसारखा लाल लागला!’ दरवर्षी रिक्षाच्या पासिंगआधी तो अंगणात ब्रेक दाबून बघायचा, तेव्हा बायको मागे उभी राहून असं ओरडून सांगायची.

यंदा मागे कुणीच नव्हतं. त्याने रिक्षा शेजारच्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून लावली, ब्रेक दाबला आणि आरशात भिंतीवरची लाली शोधली. उन्हात काही दिसेना.

‘भावजी, माहेरपण संपलं नाही होय अजून तिचं? चार महिने झाले की!’ कपडे वाळत घालता घालता शेजारच्या शकूवहिनी हसल्या आणि रिक्षामागे येऊन उभ्या राहिल्या. ‘दाबा बघू. हं, लागला!’

त्याचा पाय ब्रेकवरच राहिला.

‘वहिनी,’ तो आरशाकडे बघत म्हणाला, ‘माहेरपणाला नाही गेली ती. मीच तिला घालवून दिलं.’