वाऱ्याला पाठ

गगनबावड्याकडनं गार वारं सुटलं की आक्काची म्हैस चंद्री त्याला पाठ देऊन बसायची. ज्या सकाळी ती वाऱ्याकडं तोंड करून दिसेल, त्या दिवशी थंडी सरली म्हणायचं आणि वाकळा धुवायला काढायच्या, अशी गल्लीची रीत होती.

आक्काची धाकटी जाऊ संयोगिता हे बघून आतल्या आत जळायची. तिची म्हैस चंद्रीचीच बहीण, दुधाला वरचढ. पण तिला कोण विचारतंय? गर्दी आक्काच्या दारात, मान आक्काला.

यंदा एका तिन्हीसांजेला आक्का देवळात गेल्यावर संयोगितानं चंद्रीला वाऱ्याला पाठ राहील अशी दोन्हीकडनं दोन मेखांना ताणून बांधलं. "आता फिर बघू कशी फिरतीस."

सकाळी गल्ली गोळा झालीच. दावी तशीच ताठ, गाठी संयोगितानंच मारलेल्या. आणि चंद्री वाऱ्याकडं तोंड करून रवंथ करत होती.

"सरली बगा थंडी," आक्का पदरानं वारा घेत म्हणाली. "संयोगिता, ये की, चहा घे."

संयोगिता पुढं झाली. चंद्रीनं तिच्याकडं बघितलं, सावकाश उठली आणि तिला पाठ देऊन बसली. दावी जराही हलली नाहीत.

आक्काच्या हातातला पदर थांबला. शेजारणीनं आपला पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

संयोगिता तडक आपल्या गोठ्यात आली. तिची म्हैस दाराकडं तोंड करून बसली होती.

"तू तरी माझी हाईस की," ती म्हणाली.

म्हैस उठली, फिरली आणि पाठ देऊन बसली.

संयोगिता वळसा घालून तिच्या समोर गेली.

म्हैस पुन्हा उठली.