दहावीपर्यंतच्या चौकटी

१९९८. मानववंशशास्त्राच्या एम.ए.साठी सोमाने पेठ नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या आपल्याच गावच्या मजुरांचा अभ्यास केला. प्रश्नावली त्याचीच. शिक्षणाच्या चौकटी त्याने दहावीपाशी संपवल्या.

"पुढं शिकलेला माणूस इथं कशाला उभा राहील, सर?"

सरही हसले होते.

२००५. तोच नाका. द्राक्षछाटणीच्या मुकादमाची वाट बघत सोमा उभा होता. सरांची नवी विद्यार्थिनी तीच प्रश्नावली घेऊन आली.

"दादा, शिक्षण किती झालंय?"

"एम.ए."

"मस्करी नका ना करू! एवढ्या शिक्षणाची चौकटच नाहीये यात."

सोमाने कागदाकडे पाहिलंही नाही.



"मग दहावीवर खूण करा, ताई. आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर, महिन्यातून नऊ दिवस काम मिळतं."