फॉर्मवर लिहिलेले आजोबा

वनमालाबाईंनी खुर्ची स्वतःच ओढून घेतली. कोणी बसा म्हणेपर्यंत उभं राहायला गुडघे तयार नव्हते. कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर कापडी पिशवी.

"बोला मिस. माझ्या नातीने काय चोरलं?"

रीटा मिसनी टेबलावरचा फॉर्म त्यांच्याकडे वळवला. घाटकोपरच्या त्या शाळेत नववीच्या मुलांसाठी मिस दर शनिवारी जादा वर्ग घेत. त्यात डॉक्टरी शब्द शिकवत. शिवाय डॉक्टर सोडून दवाखान्यात आणखी कोणकोणती कामं असतात तेही सांगत. नर्स, लॅब, एक्स-रे, फिजिओथेरपी. चाळीस मुलांतली पाच आता मुलुंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आठवडाभर ही कामं बघायला जाणार होती. यादीत मानसी राऊळचं नाव पहिलं होतं.

"चोरलं नाही आजी. खोटं लिहिलंय, असं मला वाटतं," मिस हळू आवाजात म्हणाल्या. "घरात आरोग्याच्या कामात कोणी आहे का, असा प्रश्न आहे. हिने लिहिलंय, आजोबा, मेडिकल कॉलेजात शिकवतात."

"बरोबर लिहिलंय."

"मागे निबंधात हिनेच लिहिलं होतं. आजोबा चौथी शिकलेले, मिलच्या साचाखात्यात होते."

"मग? मिल बंद पडली. माणूस बंद पडत नाही."

मानसी दाराशी उभी होती, स्वतःचे बूट बघत. "आजी, सांगून टाक ना गं."

"तू गप गो."

मिसना जे समजायचं ते समजलं.

"आजी, हॉस्पिटलवाल्यांची एकच अट आहे. फॉर्ममध्ये खोटं सापडलं तर नाव कापायचं. मला हिचं नाव कापायचं नाहीये. हिच्याएवढे शब्द वर्गात कोणाला येत नाहीत."

"येणारच. फ्रिज दिसत नाही आमचा, एवढ्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. मला आर्थ्रायटिस, सुनेला गॅस्ट्रायटिस. शेवटी आयटिस आलं की सूज. जिभेला सूज आली तर काय गो?"

"ग्लॉसायटिस," मानसी मान खाली घालूनच म्हणाली.

"तो आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांना आहे."

मिस हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं.

"आजोबांचं पूर्ण नाव?"

"नाव तू सांग गो."

"चंद्रप्रकाश राऊळ," मानसी म्हणाली.

"आणि शिकवतात काय?"

"हाडं, स्नायू, काळीज. माणसाच्या आतलं सगळं."

"चौथी शिकलेला माणूस? डॉक्टर होणाऱ्या मुलांना?"

"पहिल्याच दिवशी ती मुलं ह्यांच्यासमोर हात जोडून शपथ घेतात. मला त्यांच्या मोठ्या मॅडमनी सांगितलं. बोलावून शाल दिली, पहिल्या रांगेत बसवलं. तुमच्या वर्गात कोण हात जोडतं?"

"मग असं करू या," मिस म्हणाल्या. "येत्या शनिवारी त्यांनाच वर्गावर आणा. पाच मिनिटं बोलू देत मुलांशी. मी तिथल्या तिथे सही करते."

"ते येणार नाहीत."

"रविवारी?"

"सुट्टी नाही. दोन गणपती झाले, गावाला आले नाहीत. आरतीला मुलगा उभा राहतो."

मानसीने डोळे पुसले. मिसनी ते पाहिलं आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.

"आजी, नातीचं कौतुक असतं, मला कळतं. माझी आई अख्ख्या वाकोल्याला सांगत फिरायची, आमची रीटा प्रिन्सिपॉल आहे म्हणून. मी तेव्हा बालवाडीवर होते. पण फॉर्मवर असं चालत नाही."

"तुमची आई खोटं बोलायची. मी बोलत नाही."

मिसचा चेहरा लाल झाला. मग वनमालाबाईंनीच सुरुवात केली. आवाज तसाच करडा, पण मान जरा जास्तच ताठ.

"ऐका मिस. आमच्या घराण्यात दवाखाना बघितला तो बाहेरच्या बाकड्यावर बसून. केसपेपर हातात, नंबर कधी लागतो ते बघत. आत शिकवायला गेलेले हे पहिले. कोणी ढकललं नाही त्यांना. स्वतः ठरवून गेले. भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली, दीर अजून बोलत नाही माझ्याशी. मी म्हटलं, नका बोलू. आता ह्यांच्या मागून ही जाणार. तुम्ही नाव कापा, ही दुसऱ्या दाराने जाईल. पण खोटारडी म्हणून कापायचं नाही."

"मग मला पुरावा हवा," मिस म्हणाल्या. पेनाचं टोक मानसीच्या नावावर टेकलेलं होतं. "कॉलेजचा एखादा कागद तरी आहे का?"

"आहे की."

"मग मघापासून दाखवला का नाहीत?"

"कागदावर कोणीही विश्वास ठेवतं. बाईच्या शब्दावर कोण ठेवतं, ते बघत होते."

त्यांनी पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला.

मिसनी चष्मा लावला. वर कॉलेजचं नाव होतं, बाजूला गोल शिक्का. अगदी खाली, नातेवाइकाच्या सहीच्या जागी, दुसरीत शाळा सुटलेल्या हाताने मोठ्या अक्षरांत 'वनमाला' लिहिलेलं. आणि मधे टाइप केलेली एकच ओळ: 'कै. चंद्रप्रकाश राऊळ यांचा देह शरीररचना विभागाने विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी स्वीकारला आहे.'