नऊ किलोंची मुलगी

"सहा नंबरच्या खाटेवरची पोर नऊ किलोंची आहे, लीलँड. तुमचा स्क्रीन चार म्हणतोय," फोनवर मार्लिस होती. बालरुग्णालयातली जुनी नर्स, कधी आवाज न चढवणारी. "आकडीचं औषध आहे, वजनावरून काढायचं. अकराला पुढचा डोस. वजनच चुकलंय की बाकीचे आकडेही? विश्वास कशावर ठेवू?"

डलुथच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात सव्वादहा झाले होते. लीलँडनं फोन स्पीकरवर टाकला. बारा टीमचं तीन महिन्यांचं काम काल एकदम जोडून रुग्णालयाच्या सिस्टीमवर चढवलं होतं. अकराशे चाळीस बदल! त्या आनंदात कापलेला केक अजून टेबलावर होता.

"मागे घे ना सगळं!" त्याची मॅनेजर जोलीन ओरडली.

"कसं घेऊ? सकाळपासूनच्या नोंदी पुसल्या जातील. दर आठवड्याला थोडं थोडं चढवू म्हणून घसा कोरडा केला होता मी, जोलीन."

"आत्ता उणीदुणी नकोत. शोध!"

शोध म्हणे. काय शोधणार, कपाळ? तो एकेक बदल उघडून बघत सुटला.

"नेमकं काय बदललंत रे?" फोनवरून मार्लिसनं विचारलं.

"अकराशे चाळीस गोष्टी."

"एकदम? आम्ही पोराचं एका वेळी एकच औषध बदलतो. पुरळ उठलं तर कशानं उठलं ते कळायला नको?"

अकराला आठ मिनिटं असताना सापडलं. वजनकाट्यावरून येणाऱ्या पौंडांचे किलो करणारी एक ओळ. पुढे नाव लीलँडचंच, दहा आठवड्यांपूर्वीचं. ओळ बरोबर होती. बारांतल्या फार्गोच्या टीमनंही काट्याचे पौंड बघून आपल्या बाजूनं तशीच ओळ घातली होती. तीही बरोबर. दोन्ही काल पहिल्यांदा एकत्र आल्या आणि वजन दोनदा भागलं गेलं.

"फक्त वजनच चुकलंय, मार्लिस! बाकी सगळं ठीक आहे. नऊच धरा तुम्ही, नऊ!" त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"धरते. अकराचा डोस कागदावर काढते मी." तिचा आवाज तसाच होता. "सातचा तुमच्या चारावरच दिला होता. पोरीला आकडी आली, म्हणून तर वजन बघायला गेले."