घरच्यांकडे बघायचं नाही

वसईतल्या चर्चच्या सणातली प्रश्नमंजूषा बॅप्टिस्टने कार्डाशिवायच घ्यायची ठरवली. टीव्हीवर तीस वर्षं त्याने प्रश्नोत्तरं पाठ करूनच खेळ रंगवला होता. बायकोने, प्रिस्काने, लिहून दिलेलं कार्ड पहिल्या रांगेत तिच्याच मांडीवर राहिलं. त्याने विचारलं, “मधमाशीला डोळे किती?” “पाच,” स्पर्धक मार्गारेट म्हणाली. मंडप हसला. बॅप्टिस्ट थांबला. निकालाआधीचं त्याचं थांबणं घराघरांत गाजलेलं होतं. “अंकल, जाहिराती दाखवता काय?” कोणीतरी ओरडलं. पण त्याला उत्तरच आठवत नव्हतं. हशा विरला, कुजबुज वाढली. “उत्तर देताना घरच्यांकडे बघायचं नाही,” असं त्याने आयुष्यभर स्पर्धकांना दरडावलं होतं. त्यानेच प्रिस्काकडे बघितलं. तिने कार्डावर पाचही बोटं पसरली. “बरोबर!” टाळ्या कडाडल्या. “किती थांबलात! जीव गेला माझा,” मार्गारेट म्हणाली. “माझाही,” म्हणत त्याने प्रिस्कापुढे हात पसरला. “ते कार्ड दे.”