पोट ठणठणीत

गोळ्यांची बोलकी डबी उघडेना. "पोटात जखम दिसतेय. सुजेची गोळी मिळणार नाही. डॉक्टरांना दाखवा," ती तिसऱ्यांदा म्हणाली, तशी हिंदुराव पैलवानानं ती तालमीच्या भिंतीवर आपटली. तिच्यावर ओरखडाही उठला नाही. त्याचा गुडघा मात्र टम्म सुजलेला, आणि संध्याकाळी कुस्तीचं मैदान.

पोटावर चिकटवलेली चकती डबीला आणि दवाखान्याला आतली खबर देत होती. त्यानं ती ओरबाडून काढली. जोडीदार शामा चौगुले जोर काढत होता. हिंदुरावनं त्याला मानगुटीला धरून चीत केलं, छातीवर दुसरा, धड असलेला गुडघा रोवला आणि चकती त्याच्या पोटावर थापली.

"काढलीस तर हात मोडीन."

"अरं, जीव जाईल तुझा!" शामा गुदमरत म्हणाला.

"पोट ठणठणीत," म्हणत डबी उघडली. "जेवून एक गोळी घ्या."

लढतीच्या दिवशी हिंदुराव जेवत नसे. त्यानं उपाशीपोटी तीन गिळल्या.

संध्याकाळी गुडघा दुखलाच नाही. त्यानं समोरच्याला उचलून असं आदळलं की हाड मोडल्याचा आवाज मैदानभर गेला. मग जिंकल्याचा हात वर करता करता तो भडाभडा रक्त ओकला.

शामानं ॲम्ब्युलन्सला फोन लावून हिंदुरावचं नाव सांगितलं. पलीकडून यंत्र शांतपणे म्हणालं, "हिंदुराव मगदूम यांचं पोट ठणठणीत आहे. गाडी निघणार नाही."

शामानं आपल्या पोटावरची चकती कातड्यासकट उपटली आणि हिंदुरावच्या पोटावर दाबली. त्याच्या पिशवीतली डबी लगेच बोलली, "पोटात जखम दिसतेय. डॉक्टरांना दाखवा."

या खेपेला हिंदुराव 'हो' म्हणायला गेला, पण तोंडातून रक्तच आलं.